अम्लानमालेचा निवाडा

मन्वंतरे किती आली आणि किती गेली, त्यांतल्या पुष्कळांची नावेही आता सांगता येत नाहीत. अशाच एका विसरलेल्या मन्वंतरातील त्रेतायुगात, आजच्याहून निराळा इंद्र अमरावतीच्या सिंहासनावर असताना घडलेली ही कथा आहे. गंधमादन पर्वताच्या उत्तर उतारावर, शुभ्रमती नदी देवदारांच्या दाट छायेतून बाहेर पडून पहिल्यांदा सूर्य पाहते त्या ठिकाणी, ऋतश्रवा नामक महामुनींचा आश्रम होता. वेळूच्या बनात वाऱ्याने शीळ घातली तरी तिथली हरिणे चरायची थांबून कान टवकारीत, इतकी त्या भूमीला ऐकण्याची सवय जडलेली होती.

ऋतश्रवांनी तारुण्यात एक सहस्र वर्षे मौन पाळून वाग्देवीची आराधना केली होती. अखेर ती शुभ्रवसना त्यांच्यापुढे प्रकट झाली आणि म्हणाली, "वत्सा, ज्याने एवढा काळ शब्द आवरला, त्याला मी श्रवणाचे वरदान देते. निर्मळ स्वर ज्या क्षणी तुझ्या कानी पडेल, त्या क्षणी तुझ्या सर्वांगावर रोमांच उठतील. तो माझा निवाडा समज. तू तो केवळ उच्चारायचा."

दर बारा वर्षांनी अमरावतीत देवसभेपुढे स्वरसत्र भरे. देव, गंधर्व, किन्नर, गुह्यक आपापली रचना सादर करीत, आणि जी श्रेष्ठ ठरे तिच्या कर्त्याच्या गळ्यात कधीही न कोमेजणारी अम्लानमाला पडे. मालेचे महत्त्व फुलांत नव्हते. माला ज्याला मिळे त्याची रचना पुढील बारा वर्षे त्रैलोक्यातील प्रत्येक यज्ञाच्या आरंभी गाइली जाई, मग तो यज्ञ राजाचा असो की वनात राहणाऱ्या एखाद्या निष्कांचन ब्राह्मणाचा. अशी नऊ स्वरसत्रे ऋतश्रवांनी पारखली होती आणि नऊही वेळा त्यांच्या मुखातून निघालेल्या नावावर कोणी शंका घेतली नव्हती.

दहावे स्वरसत्र आले तेव्हा देवदानवांचे छत्तीस वर्षांचे युद्ध नुकतेच थांबले होते. त्या युद्धात दानवांनी विमलावती ही गंधर्वांची रम्य नगरी जाळून टाकली होती आणि देवांनी पाताळातील तीन नगरे, त्यांच्या रहिवाशांसकट, जलमय केली होती. दोन्ही पक्ष थकल्यामुळे एका वर्षाचा तह झाला. त्या तहातील एक कलम असे होते, की यंदा प्रथमच दानवांच्या प्रतिनिधीलाही स्वरसत्रात प्रवेश मिळावा. दानवराज कालकंठाने आपली बहीण अंजनिका हिला पाठवले.

गंधर्वश्रेष्ठ मंजुस्वनाने आधी वीणेच्या साथीने आपली रचना गायली. ती चतुर होती, ललित होती, दीर्घ साधनेने घोटलेली होती. परंतु उत्तरार्धात तिसरी तार किंचित उतरली, आणि मुनींच्या कानांखेरीज ते कोणाला कळले नाही. मग अंजनिका उठली. सावळी, कृश, अंगावर एकही अलंकार नसलेली ती दानवकन्या सभेला वंदन करून वीणा घेऊन बसली आणि तिने जे गायला घेतले ते स्तवन नव्हते, वीरगाथाही नव्हती. त्यात केवळ नावे होती. विमलावतीत जळालेल्या गंधर्वांची आणि जलमय नगरांत बुडालेल्या दानवांची नावे तिने एकाच स्वरमालेत, एकामागून एक, कोण कोणत्या पक्षाचा हे न सांगता ओवली होती. दुसऱ्याच नावाला ऋतश्रवांच्या अंगावर रोमांच उठले ते गीत संपेपर्यंत ओसरले नाहीत. पूर्वीच्या कोणत्याही सत्रात असे झाले नव्हते.

गीत संपले. सभेत कोणी टाळी वाजवली नाही, कोणी धिक्कारही केला नाही. निवाडा प्रथेप्रमाणे तिसऱ्या दिवशी व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयालाच आश्रमाचे अंगण माणसांनी भरून गेले. विमलावतीचे निर्वासित आले होते. त्यांच्या हाती शस्त्रे नव्हती, ओठांवर अपशब्दही नव्हते. ते नुसते बसून राहिले. त्यांतून एक वृद्ध गंधर्वी पुढे आली. तिने अर्धवट जळालेले एक घुंगरू मुनींच्या पायांशी ठेवले.

"मुनिवर," ती म्हणाली, "त्या गाण्यात अकरावे नाव माझ्या मुलाचे होते. ते उच्चारण्याचा अधिकार तिला कोणी दिला? तिच्या कुळाने त्याला मारले, आणि आता त्याच्याच नावावर ती माला नेणार? बारा वर्षे प्रत्येक यज्ञात मी ते तिच्या सुरात ऐकायचे?"

ऋतश्रवांनी घुंगरू उचलून तिच्या हाती परत दिले. ती संध्याकाळपर्यंत बसली आणि मग इतरांबरोबर निघून गेली. मुनिपत्नी धारिणी तिला नदीपर्यंत पोचवून आली.

"आपण काय ठरवले आहे?" तिने विचारले.

"मी ठरवीत नसतो, धारिणी. जे ऐकले ते सांगतो."

"मग उद्या तेच सांगणार ना?"

मुनी होय म्हणाले. तेव्हा ते खरे होते.

तिसऱ्या दिवशी प्रातःकाळी कालकंठाचा दूत आला. त्याचा निरोप एका वाक्याचा होता: माला अंजनिकेला मिळाली नाही, तर तो दानवकुळाचा अपमान समजला जाईल आणि तह त्याच प्रहरी संपेल. दूत उत्तराची वाट न पाहता परतला. त्यानंतर मध्याह्नस्नानाच्या सुमारास, वज्र किंवा छत्र न घेता, एखाद्या साध्या अतिथीसारखा स्वतः इंद्र आश्रमात आला. धारिणीने दिलेले अर्घ्य त्याने नम्रपणे स्वीकारले आणि दर्भासनावर तो मुनींच्या समोर बसला.

"मुनिश्रेष्ठ, आपल्या निर्णयात हात घालण्याची माझी इच्छा नाही. तसे कोणी म्हणाले तर मीच त्याला शासन करीन."

"मग देवराजांचे येणे कशासाठी?"

"केवळ दोन गोष्टी आपल्या कानी घालाव्यात म्हणून. त्या स्त्रीची रचना श्रेष्ठ असेलही. मी जाणकार नाही. परंतु ती बारा वर्षे प्रत्येक यज्ञात गाइली गेली, तर माझे सैनिक शत्रूची नावे आपल्या भावंडांच्या नावांबरोबर म्हणू लागतील. मग पुढचे युद्ध लढायचे कोणी?"

"आणि दुसरी गोष्ट?"

"कालकंठाचा दूत येऊन गेला हे साऱ्या स्वर्गाला ठाऊक झाले आहे. आता आपण तिचे नाव घेतलेत, तर लोक म्हणतील की ऋतश्रवा दानवांच्या भाल्याला भ्याले. खऱ्या कारणावर कोणाचाच विश्वास बसणार नाही, मुनिवर. तिला माला देऊनही आपण तिला न्याय देऊ शकणार नाही. तो अवसर निघून गेला आहे."

एवढे बोलून इंद्राने नमस्कार केला आणि तो गेला. त्याने भय दाखवले नव्हते, लोभ दाखवला नव्हता. त्या वृद्धेचे दुःख खोटे नव्हते, दूताची धमकी खोटी नव्हती, इंद्राचे म्हणणेही सर्वस्वी खोटे नव्हते. आणि या साऱ्यांच्या मध्ये अंजनिकेचा स्वर कुठे ठेवायचा हे मुनींना सुचेना. पुढे अनेक युगे त्यांनी आठवून पाहिले, पण आपण निर्णय नेमका केव्हा घेतला तो क्षण त्यांना कधीच सापडला नाही.

सभा भरली. ऋतश्रवा उभे राहिले आणि त्यांनी मंजुस्वनाचे नाव उच्चारले.

स्वर्गात दुंदुभी वाजल्या, पुष्पवृष्टी झाली, विमलावतीचे लोक रडत एकमेकांच्या गळ्यात पडले. मंजुस्वन पुढे आला. माला स्वीकारण्यासाठी वाकताना, केवळ मुनींनाच ऐकू जाईल अशा स्वरात तो म्हणाला, "माझी तिसरी तार उतरली होती. आपण ते ऐकलेत. मी आपल्याकडेच पाहत होतो." मग तो सरळ झाला आणि सभेकडे वळून हसला.

अंजनिका वीणा उचलून निघाली होती. मुनींच्या आसनापाशी ती थांबली. "मुनिवर, एकच विचारते. आपण ऐकलेत ना?"

"ऐकले."

"मग झाले तर," असे म्हणून ती सभेबाहेर पडली. तिने शाप दिला नाही. मुनींना वाटत होते की ती देईल. त्यांनी त्यासाठी मान किंचित खालीही घातली होती.

त्याच प्रहरी तह मोडला. दोन्ही पक्षांची सैन्ये सज्जच होती. पुढे चाळीस वर्षे जे युद्ध चालले त्याचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे: आकाश बाणांनी झाकले गेले, मेघांतून रुधिराचा वर्षाव झाला, दिग्गजांनी भयाने चीत्कार केले. ऋतश्रवांना आश्रमातून हे सारे ऐकू येई. कोणता आवाज धनुष्याचा आणि कोणता अस्थीचा, हे त्यांना अचूक कळे. त्यापलीकडे काही होत नसे.

ही गोष्ट धारिणीने सर्वांआधी ओळखली. एके दिवशी पहाटेच्या सामगायनात तिने मुद्दाम एक स्वर चढा लावला आणि ती थांबली.

"तिसऱ्या चरणात पंचम चढला," मुनी शांतपणे म्हणाले.

"म्हणजे आपल्याला कळले?"

"कळले."

"आणि मग?"

"मग काही नाही."

तिने तोच चरण पुन्हा म्हटला, या वेळी शुद्ध, जसा तिला विवाहापासून येत होता तसा. मुनींनी आपल्या हाताकडे पाहिले. हात मांडीवर स्वस्थ पडलेला होता; त्यावर रोमांच नव्हते. धारिणीने समिधा उचलल्या आणि ती अग्निशाळेत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्यासमोर गायली नाही.

युद्ध थकून संपले तेव्हा ऋतश्रवा दंड-कमंडलू घेऊन निघाले आणि विवरांच्या दीर्घ मार्गाने, भस्म झालेल्या तटबंद्या ओलांडीत, पाताळात अंजनिकेच्या दारी पोचले. तिचे केस पांढरे झाले होते. कालकंठ रणात पडला होता. तिने मुनींना ओळखले, आसन दिले, पाणी दिले.

"ते गीत पुन्हा ऐकावे अशी इच्छा आहे," मुनी म्हणाले.

"ते आता फार लांबले आहे," अंजनिका म्हणाली. "चाळीस वर्षांची नावे त्यात भरली गेली. माझ्या भावाचेही आहे."

ती गायली. दोन दिवस लागले. स्वर पूर्वीपेक्षाही निर्मळ होता. एकही श्रुती ढळली नाही. मुनींनी प्रत्येक नाव ऐकले. शेवटी ते म्हणाले, "तुझी रचना श्रेष्ठ आहे. तेव्हाही होती. हे मी त्रैलोक्यासमोर म्हणायला हवे होते."

अंजनिकेने त्यांच्या मुखाकडे निरखून पाहिले. "आपल्याला हे कळते आहे, मुनिवर. वाटत नाही."

"नाही."

"मग हे सांगायला एवढ्या दूर का आलात?"

"वाटेल, असे वाटले होते."

तिने वीणेवर वस्त्र घातले आणि आता विश्रांती घ्यावी असे सुचवले. मुनी तिथे थांबले नाहीत.

परतीच्या मार्गावर शुभ्रमतीच्या तीरी वाग्देवी त्यांना भेटली. ऋतश्रवांनी साष्टांग नमन केले. "माते, तू वरदान काढून घेतलेस ते योग्यच केलेस. आता शापही दे, म्हणजे हे पूर्ण होईल."

"मी काही काढून घेतलेले नाही," देवी म्हणाली. "जो निवाडा तू उच्चारला नाहीस, तो तुझ्यातच राहिला. त्याने सारी जागा अडवली आहे. दुसरा स्वर आत येणार कुठून?"

"मी भ्यालो का, माते? मला ते अजून कळलेले नाही."

"मलाही सांगता येणार नाही. परंतु चूक माझीही आहे. सभेत बसणाऱ्याला राजा असतो, शेजारी असतात, अंगणात येऊन बसणारी माणसे असतात. अशा ठिकाणी मी माझा निवाडा ठेवायला नको होता. यापुढे तो सभेत होणार नाही. ज्यांना त्याचा राग येईल आणि ज्यांना त्याचा लाभ होईल, ते सर्व नाहीसे झाल्यावरच तो होईल."

"तोवर कलावंतही नाहीसा झालेला असेल."

"होय," देवी म्हणाली.

"आणि सभेत माला पडतात त्या?"

"त्या पडत राहतील. त्यांना मी अडवणार नाही. त्या चुकीच्याच गळ्यात पडतील असे नाही. पण योग्य गळ्यात पडल्या तरी पाहणाऱ्यांच्या मनात 'कशामुळे?' हा प्रश्न उठेल, आणि ज्याच्या गळ्यात पडल्या त्याच्याही." एवढे बोलून ती जलाच्या प्रकाशात दिसेनाशी झाली.

युद्धात बंद पडलेले स्वरसत्र पुन्हा भरले, तेव्हा इंद्राने ऋतश्रवांना सन्मानपूर्वक बोलावले आणि ते गेले. त्यानंतर आणखी बारा सत्रांना ते त्याच आसनावर बसले. अंगणात कोणी येऊन बसले नाही, दूत आले नाहीत, इंद्रालाही कधी यावे लागले नाही. कोणते नाव सर्वांना चालेल हे मुनींना आता आपोआप समजत असे, आणि ते उच्चारताना त्यांचा स्वर कुठेही अडखळत नसे. लोक म्हणत की असा निःस्पृह परीक्षक झाला नाही.

अंजनिका कधी निवर्तली याची नोंद नाही. मंजुस्वनाची माला अद्याप न कोमेजता कुठल्यातरी कोषागारात आहे म्हणतात. त्या मन्वंतरातील शेवटचा योद्धाही काळाच्या उदरात गेल्यावर, नव्या मनूच्या प्रजेने पहिला यज्ञ मांडला, तेव्हा आरंभी काय गावे असा प्रश्न पडला. आणि कोणीतरी, कुठे ऐकले हे न आठवता, केवळ नावांचे एक गीत सुरू केले. ती नावे देवांची की दानवांची हे गाणाऱ्यांना माहीत नव्हते. यज्ञमंडपाच्या कडेला एक अतिवृद्ध मुनी बसले होते. गीत संपेपर्यंत ते बसून राहिले, सर्व स्वर जागच्या जागी लागले असे त्यांनी शेजारच्याला सांगितले, आणि प्रसादासाठी ओंजळ पुढे केली.

इतर आख्यानांच्या शेवटी श्रवणाचे फळ सांगितलेले असते. या आख्यानाचे फळ जुन्यांनी सांगितलेले नाही, आणि ते कोणी विचारलेही नाही.