राईतला बेहडा

लहानथोरांनो, ऐका. फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. गावाच्या माथ्यावर देवाची राई होती आणि राईच्या पोटात पूर्वजांनी घडवलेलं दगडी देऊळ. झाडी इतकी दाट, की अगदी पायरीशी पोचेपर्यंत देऊळ दिसत नसे. राईत मोठ्या पिवळ्या चोचीचे धनेश पक्षी राहत. ते डोक्यावरून गेले, की पंखांचा आवाज ऐकून नवखा माणूस दचकून वर बघे.

गावचा पाटील होता दादजी. माणूस वाईट नव्हता. गावावर त्याचा जीव होता. पण आपल्या गावाचं नाव चारचौघांत निघावं, याची त्याला भारी हौस.

एकदा निरोप आला, की वैशाखात राजाची स्वारी खालच्या नदीकाठी मुक्कामाला येणार आहे. दादजीला आनंदाने जेवण सुचेना. तो नदीकाठी उभा राहून वर बघू लागला. राईतला एक जुना, आडवातिडवा पसरलेला बेहडा नेमका देवळाच्या शिखराच्या आड येत होता.

"हा बेहडा काढला, तर राजाला इथूनच शिखर दिसेल," तो म्हणाला.

देवळाचा गुरव हात जोडून पुढे आला. "पाटील, राईतली काटकीसुद्धा आपण घरी नेत नाही. आणि त्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसलीय. तिनं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलंय, चोचीपुरती फट ठेवलीय. नर चोचीतून फळं आणतो, तेव्हा ती जगते. पाऊस लागेपर्यंत थांबा. पिल्लं उडून जातील, मग बघू."

दादजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी आईचं बोट धरून त्याने ती ढोली पाहिली होती.

तरी तो म्हणाला, "राजा काय पावसासाठी थांबणार आहे, काका?"

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालल्या. बेहडा कोसळला, तशी ढोली फुटली. आत मादी होती, दोन उघडी पिल्लं होती. तिघंही गेली होती. माणसं कुऱ्हाडी खाली टाकून उभी राहिली. तेवढ्यात नर आला. चोचीत उंबरं होती. तो झाडाच्या जागी घिरट्या घालत राहिला. मग बुंध्यावर उतरला आणि उंबरं तिथेच ठेवून उडाला. पुन्हा आला, पुन्हा ठेवून गेला. दादजीने मान फिरवली.

वैशाखात राजा आला. दादजीने मोठ्या उमेदीने शिखराकडे बोट दाखवलं.

"छान आहे," राजा म्हणाला. "पण अशी शिखरं माझ्या नगरीत पुष्कळ आहेत. एका भाटाने मला सांगितलं होतं, की इकडे कुठेतरी एक देऊळ रानात लपलंय आणि तिथे पाखरांच्या पंखांचा आवाज वाऱ्यासारखा येतो. ते बघायला मी डोंगर चढणार होतो. ते गाव कोणतं?"

दादजीचं बोट खाली आलं. गुरवच खाली बघत म्हणाला, "महाराज, ते हेच गाव होतं."

राजा रागावला नाही. थोडा वेळ तो उघड्या शिखराकडे बघत राहिला, आणि सकाळी मुक्काम हलवून निघून गेला.

नर काही दिवस येत राहिला, मग यायचा थांबला. पुढच्या साली राईतले बाकीचे धनेशही दिसेनासे झाले. दादजीने त्याच जागी बेहड्याचं बी पेरलं. उन्हाळ्यात स्वतः खांद्यावरून पाणी वाहिलं. रोप वाढलं, झाड झालं. पण झाडाला ढोली पडायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. म्हातारपणी दादजी रोज राईत जाई, त्या कोवळ्या खोडावरून हात फिरवी आणि गुरवाला विचारी, "काका, मी थांबलो असतो तर?"

गुरव त्याच्याजवळ बसून राही.

तात्पर्य : चार लोकांना दाखवण्याच्या हौसेपायी जे मोडलं, ते पश्चात्तापाने पुन्हा उभं राहत नाही.