मुंडक्याचा मान

"मुंडकं घेतलंत ते घेतलंत, आबा. निदान एकदा नको तरी म्हणायचं होतंत."

धाकू अंगणात उभा होता. म्हाळूआबा ओट्यावर सुपारी कातरत होते. धाकूला बंदूक धरायला शिकवली ती त्यांनीच.

शिमग्याच्या पारधीचा त्या गावचा रिवाज असा, की ज्याच्या गोळीनं रानडुक्कर पडेल, मुंडकं त्याचं. पुढच्या वर्षी मोक्याच्या वाटेवर बसायचा मानही त्याचाच.

सकाळी गुरू-चेला एकाच करवंदीच्या जाळीआड बसले होते. हाकाऱ्यांनी रान उठवलं. डुक्कर आलं ते थेट अंगावरच. एकच बार झाला, तो धाकूचा. आबांची बंदूक गप्पच राहिली.

म्हाताऱ्याचा डोळा लागला असणार, असं धाकूला वाटलं. गावात हसं नको, म्हणून त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, बार आबांचा. आणि आबांनी खुशाल गुलाल लावून घेतला की हो!

पोराचं मन मोठं, यात शंका नाही. पण संध्याकाळपर्यंत ते मोठेपण त्याला पेलवेना.

"गावाला सांगू नका," धाकू म्हणाला. "पण तुम्ही मला एकदा म्हणा, धाकू, नेम तुझा होता. तेवढं ऐकायलाच आलोय."

कोपऱ्यातली ठासणीची बंदूक उचलून आबांनी त्याच्या हातात दिली.

"गज घालून बघ."

धाकूनं गज नळीत सोडला. आत बार ठासलेला असता, तर तो वर अडला असता. तो सरळ तळाला जाऊन टणकन वाजला. नळीला जळक्या दारूचा वासही नव्हता.

"आबा... ही रिकामी होती?"

"दिसत नाही रे आता. समोर हाकारे. डुक्कर कुठलं नि माणूस कुठलं, मला काय कळणार?"

"मग नेलीत कशाला?"

"मोकळ्या हातानं बसलो असतो, तर तू माझीच काळजी करत बसला असतास."

"आणि मुंडकं?"

"एवढ्या मायेनं दिलंस. नको कसं म्हणू?"

धाकू ओट्यावर टेकला. डुकराचे सकाळचे ते सुळे आत्ता कुठे त्याला नीट दिसले.

"अंगावर येत होतं, आबा. तुम्ही हललासुद्धा नाहीत. माझा नेम चुकला असता तर?"

आबांनी सुपारीचं खांड त्याच्या तळहातावर ठेवलं.

"चुकला असता तर..."

बराच वेळ ते आठवत राहिले.

"खरं सांगू, धाकू? ते माझ्या मनात आलंच नाही बघ."