सतरावा दांडा

फार पूर्वी वेणुपट्टणावर अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व तेथील नावाड्यांच्या कुळात जन्मला होता. तिथली नदी इतकी रुंद होती की सकाळी पैलतीर धुक्यात असे. ते आहे, असे लोक सवयीने मानत. पाण्याखाली वाळूचे चाळीस दांडे होते. दांड्यावर चढलेली होडी उलटे. म्हणून बोधिसत्त्वाच्या आजोबांनी पाठ रचला होता. कोणता दांडा कोठे, ते एकेका ओळीत होते.

म्हातारपणी बोधिसत्त्व काठावर शाळा चालवी. मुले वाळूत रांगेने बसत आणि पाठ एका सुरात म्हणत. सर्वांत मंद मुलाला ओळ आली की मगच पुढची. तीन पावसाळे असे बसले की वल्हे मिळे. वल्हे नसलेल्याने होडी पाण्यात घालायची नाही, हा कुळाचा नियम.

शाळेत वेणिका नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिचा बाप नदीत बुडून गेला होता. घरची होडी काठावर पालथी पडून होती. वेणिकेला वल्हे मिळाले नाही तर ती होडी दुसऱ्या घराला जाणार होती.

पाठ तिला सहा दिवसांत आला. मग ती पेंगू लागली. मुलांचे सूर पाण्यावरून दूर जात, आणि ती त्यांच्यामागे धुक्यात बघत राही. पुढे ती ओळी उलट्या क्रमाने म्हणू लागली. रांगेचा सूर मोडला की हसे. मग तिने येणेच सोडले.

बोधिसत्त्वाचा मदतनीस भद्दक म्हणाला, "आचार्य, ही पोर रांग नासवते. काढून टाका तिला."

"पाठ येतो ना तिला?"

"येतो. तीच तर मस्ती आहे!"

बोधिसत्त्व स्वतः तिला शोधत गेला. ती पालथ्या होडीवर बसली होती.

"शाळेत का येत नाहीस, पोरी?"

"आजोबा, तुम्ही रोज भात खाता?"

"खातो."

"कालचाच घास परत चावता का?"

बोधिसत्त्व तिच्या शेजारी होडीवर टेकला. मग म्हणाला, "पाठात नाही असं तुला काही ठाऊक आहे?"

"सतरावा दांडा तिथे नाही."

"कोणी सांगितलं?"

"बगळ्यांनी. पूर्वी ते तिथे उभे असायचे. आता काठावरच्या वडासमोर असतात. मी रोज बघते."

हे बोधिसत्त्वाला बोचले. त्या पाठासाठी राजाने कुळाला मानाची शाल दिली होती. लहान तोंडी मोठा घास म्हणून तिला गप्प करणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. त्याने आपली होडी सोडली आणि लांब बांबू तिच्या हातात दिला.

धुक्यात दोन्ही काठ नाहीसे झाले. पाणी, पांढरेपणा, आणि मध्ये दोघे. होडी चालली आहे की नदी, हे कळेना. सतराव्या जागी तिने बांबू सोडला. तो खाली गेला, आणखी खाली गेला. तळ लागला नाही. वडासमोर आले तेव्हा होडीच्या पोटाला वाळू घासली. समोरचे बगळे जरा सरकले, इतकेच.

दुसऱ्या सकाळी बोधिसत्त्व रांगेपुढे उभा राहिला. "सतरावी ओळ खोटी आहे. साठ वर्षे मी ती म्हणत आलो. एकदाही बांबू घालून पाहिलं नाही."

भद्दक कुजबुजला, "आचार्य, लोक हसतील."

"हसू देत. बुडणारा हसत नाही."

त्या दिवसापासून नियम झाला. ज्याला पाठ आला त्याने थोरांबरोबर पाण्यात जावे, आणि रांगेसाठी एक नवी ओळ आणावी. वेणिका रोज सर्वांच्या आधी येऊ लागली. सांगायला तिच्याजवळ काहीतरी असे, आणि मंद मुलेही तिची ओळ लवकर उचलत. तिसरा पावसाळा सरला तेव्हा तिला वल्हे मिळाले. होडी घरातच राहिली.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची वेणिका म्हणजे ही नवदीक्षित सुव्रता श्रामणेरी, जी पाठाच्या वेळी प्रश्न विचारते. भद्दक म्हणजे तिला संघातून काढा म्हणत आज माझ्याकडे आलेला ज्येष्ठ भिक्षू, हा स्थविर. तो म्हातारा आचार्य मीच होतो."

स्थविराने मान खाली घातली.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्णत्वास नेलेली पारमिता सत्याची. आपल्याच घराण्याच्या पाठाविरुद्ध, लहान मुलांसमोर बोललेल्या सत्याची.