ठकाईची बैठक

फार फार वर्षांमागची गोष्ट. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, मधे उठायचं नाही. माणदेशाच्या माळावर कोरडेवाडी नावाचं गाव होतं. शेजारून धुळकी नदी वाहायची, म्हणजे वाहायची असं आपलं म्हणायचं. तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त.

एका दुष्काळात गावची विहीर आटली. पोहरा खडकावर आपटून रिकामाच वर यायला लागला. पंच बसले आणि ठरलं, येत्या अमावास्येला गाव सोडायचं. घरोघर बोचकी बांधली गेली. बांधली नाहीत ती एकट्या ठकू कुंभारणीने. तिची सून ओली बाळंतीण होती, पोर अजून पाळण्यातही घातलं नव्हतं. त्या उन्हात माळ तुडवला तर दोघं वाटेतच राहतील, हे तिला लख्ख दिसत होतं.

ठकू मोठी चौकस बाई. कुठलीही माती बोटांत चुरगाळून पाहिल्याशिवाय पुढे जायची नाही. तिच्या ध्यानात आलं, की आपली गाढवं पाणवठ्यावर येत नाहीत, तरी त्यांची तोंडं ओली असतात. ती त्यांच्या मागे गेली. नदीच्या वळणावर गाढवं खुरांनी वाळू उकरत होती. ठकूने तिथे कमरेइतकं खणलं आणि वाळूला पाणी सुटलं. तळाला लागली घट्ट चिकणमाती, थेट चाकावर चढवावी अशी.

पण ही बया लगेच गावाला सांगत सुटली नाही. बरंच अलीकडे तिने दुसरा खड्डा घेतला, आणि खाली काय आहे ते बघायला तिथल्या चिकणमातीला मुद्दाम पहारीने भोक पाडलं. पाणी बघता बघता खाली गडप झालं. तेव्हा कुठे तिने गाव बोलावलं.

गाव धावत आलं. वळणावरच्या पहिल्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं, पण सावकाश. तहानलेल्याला धीर कुठला? कोणीतरी म्हणालं, "वर एवढं हाय, तर खाली तळंच असंल." झालं, सगळ्यांनी तेच धरलं. पहार आली, आणि ती धरली ठकूच्याच पोराने, सिदूने. बायको-पोराच्या काळजीने तोच सगळ्यांत उतावीळ झाला होता.

"सिदू, मडकं पाणी धरतं ते बुडामुळं," ठकू म्हणाली. "बूड फोडलंस तर काय पिशील?"

"आये, बाजूला हो. तिला दूध न्हाई, पोर सुकत चाललंय."

तिने फोडलेला खड्डा बघून या म्हणून सांगितलं. कोणी गेलं नाही. उलट म्हणाले, म्हातारी पाणी आपल्यापुरतं राखतेय. मग ठकू खड्ड्यात उतरली आणि त्या चिकणमातीवर मांडी घालून बसली.

"मार आता. माझ्या मांडीतनं जाऊ दे."

सिदूने पहार डोक्यावर उचलली. ठकूने वर पाहिलं नाही. पोटच्या पोराचं भय वाटावं, अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. असं म्हणतात, पहार खाली आली ती तिच्या गुडघ्याशेजारच्या वाळूत रुतली, आणि सिदू तिथेच बसून ढसाढसा रडला.

तरी ठकू उठली नाही. आपण उठलो की दुसरा कोणी पहार उचलणार, हे ती ओळखून होती. बसल्या जागेवरून ती करवंटीने घागरी भरून देत राहिली. पहिली घागर सुनेकडे गेली. असं म्हणतात, जसजशा घागरी भरल्या तसतसं पाणी वाढत गेलं. तिच्या कमरेला लागलं, खांद्याला लागलं. लोक काकुळतीला आले, बाई, आता वर ये. ती म्हणाली, "आधी ती पहार घरी न्या."

सिदू पहार ठेवून धापा टाकत परतला, तर खड्डा काठोकाठ भरलेला आणि आई कुठेच नाही. पाणी उपसलं, तळाच्या मातीत तिच्या मांडीचा ठसा तेवढा मिळाला. कोणी म्हणतं, वाहून गेली. अहो, धुळकीत वाहून जायला पाणी होतं कधी?

गाव मात्र उठलं नाही. आजही धुळकी आटली की कोरडेवाडी त्या वळणावर झरा उकरते. पहारी घरी ठेवून येतात. हाताला चिकणमाती लागली की सिदूच्या घराण्यातली थोरली बाई खाली उतरून मांडी घालून बसते, आणि खणणं तिथे थांबतं. किती खोल गेलात विचारलं तर सांगतात, ठकाईच्या बैठकीपर्यंत. पहिली घागर गावातल्या ओल्या बाळंतिणीची. त्या साली कोणी बाळंत नसली, तर ती गाढवांपुढे ठेवतात.