बावीस मळके सदरे

“मॅच ज्यानं बघितलीय, त्यानं तोंड उघडायचं नाही!” वाघजाई फुटबॉल क्लबचे मालक आबासाहेब इंगवले टेबलावर मूठ आपटून गरजले. कपातला चहा बशीत उतरला. “ज्यानं बघितलेली नाही, त्यानंच सांगायचं, बावीस पोरांत भारी कोण!”

झालं होतं असं. क्लबच्या अकादमीत गावोगावची बावीस पोरं चाचणीची मॅच खेळली होती. त्यातला एकच जण मोठ्या संघात सरावाला जाणार होता. आबासाहेब नेमके मॅच संपल्यावर उगवले, आणि त्यांनी विचारायचा अवकाश, कोच चौगुले सरांनी दहा नंबरचं नाव घेतलं. दहा नंबर म्हणजे आबासाहेबांचा सख्खा भाचा!

“नाव घेताना तू पोराकडं बघत होतास का माझ्या मिशीकडं?”

चौगुले सर त्या क्षणीही मिशीकडंच बघत होते.

“ठरलं! मॅच न बघता, कुणाला न विचारता जो अचूक सांगेल, तो मागेल ते देईन! चुकला, तर परत क्लबची पायरी चढायची नाही!”

जेवण न चाखता मीठ किती ते सांगा, अशातलाच हा प्रकार. ऑफिसातले सगळे कोच एकेक पाऊल मागं सरकले. तेवढ्यात दारातून आवाज आला, “म्या न्हाई बघितली मॅच.”

हौसाक्का परीट उभी होती. एकोणीस वर्षं ती अकादमीचे कपडे मैदानामागच्या हौदावर धूत होती, मैदानाकडं पाठ करून. सोमवारी धुलाईचं मशीन येणार होतं, त्यामुळं आजचं गाठोडं तिचं शेवटचं. 

“हौसाक्का, चुकलीस तर पायरी सुटंल!” आबासाहेबांनी बजावलं.

“सोमवारी सुटतीयाच की! मग आज कशाला भ्यायचं?”

“अगं, पण तुला फुटबॉलमधलं काय कळतंय?”

“फुटबॉल न्हाई कळत, कापडं कळत्यात. सरकारांनी आज तांबडा रस्सा चापलाय. वैनीसाहेबांनी बंद केलेला!”

आबासाहेबांनी झटकन बाही दुमडली. डाग होता!

“आणा ते सदरे!” ते ओरडले. कुठला नंबर कुणाचा, ती यादी त्यांनी स्वतःच्या खिशात कोंबली.

सदऱ्यांचा ढीग जमिनीवर पडला. हौसाक्का मांडी घालून बसली आणि एकेक उचलू लागली.

“ह्यो पोरगा लई कष्टाळू. उजव्या कुशीला गवताचा हिरवा रंग बसलाय. सारखा घसरत जातोय, पर चेंडू गेल्यावर पोचतोय.” तिनं तो बाजूला टाकला. “ह्यो गोलकीपर. डावं कोपर चिखलानं बरबटलंय, उजवं कोरं. उजवीकडं चेंडू आला की नुस्ता बघत उभा ऱ्हातोय.”

“तिन्ही गोल उजवीकडनंच खाल्ले!” चौगुले सर ओरडले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

“आन् ह्यो? ह्याला तर धुवायचीबी गरज न्हाई! इस्त्रीची घडीसुदीक मोडली न्हाई. पोटावर तिखट बोटं पुसल्यात... भडंग! शेंगदाण्याचं सालबी हाय.”

आबासाहेबांनी सदऱ्याचा नंबर बघितला. दहा! मिशी थरथरू लागली.

“पण तो शेवटपर्यंत मैदानात होता!” चौगुले सरांना राहवेना.

“मैदानात व्हता, सर. खेळात नव्हता.”

ढीग संपला. हौसाक्कानं बोटांवर मोजलं आणि मान वर केली. “एकवीसच झालं. बाविसावा कुठाय?”

चौगुले सरांनी कपाटामागून सदऱ्याचं एक भेंडोळं काढलं. “हा सतरा नंबर. टाकून द्यायचाय, फाडून ठेवलाय. भांडखोर पोरगं! घरी पाठवायच्या यादीत घातलंय त्याला.”

हौसाक्कानं सदरा मांडीवर पसरला. मागचा काठ वीतभर लांबला होता, खांद्याची शिवण उसवली होती, आणि पाठभर चिखलाची बोटं उमटली होती. ती एका हाताची नव्हती. तिची नजर एकदम हसली.

“सरकार, ह्यो! ह्योच तुमचा पोरगा!”

“ह्यो फाटका?”

“भांडणाऱ्याला समोरनं धरत्यात, त्याची गळपट्टी फाटती. ही बगा, धडधाकट हाय! ह्याला सगळ्यांनी मागनं वढलंय. आन् मागनं कुणाला वढत्यात, सरकार? जो पुढं गेलाय त्यालाच की!”

आबासाहेब खिडकीशी धावले. “पोरांनो! सतरा नंबरचा सदरा कुणी ओढला रे?”

खाली एक हात वर झाला. दुसरा झाला. बघता बघता सात हात झाले!

“हाताला लागतच नव्हता, साहेब!” एक जण कळवळून म्हणाला. “वढून वढून दमलो, तरी तीन गोल मारून गेला!”

पोरांच्या मागं सतरा नंबरवाला तौफिक मुजावर बनियनवर उभा होता, पिशवी भरून, गावाला निघायच्या तयारीत. आबासाहेबांनी खिशातली यादी काढून त्याचं नाव पुकारलं, तेव्हा त्यानं पिशवी हळूच खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले.

“माग, हौसाक्का! मशीन परत पाठवू?”

“नगं, नगं! येऊ द्या की मशीन. माझी कंबर आता धोंड्यावर वाकत न्हाई. पर त्याच्या तोंडात जायच्या आधी सदरं माझ्या हातातनं जाऊ द्यात. त्ये धुतंय झकास, पर वाचत न्हाई!”

आबासाहेब असे हसले, की उरलेला चहाही बशीत आला. “मंजूर! मशीन तुझ्या ताब्यात, पगार दुप्पट! आणि निवड समितीत मानाची खुर्ची, मैदानाला लागून, पहिल्या रांगेत!”

“खुर्ची द्या, सरकार. पर तोंड भिंतीकडं करून मांडा.”

“ते का गं?”

“मॅच बघाय लागलं की भाचा कोण, त्ये कळतंया!”

आबासाहेब पोट धरून खाली बसले. हसता हसता त्यांनी चौगुले सरांना खूण केली. सरांनी मुकाट्यानं खुर्ची उचलली, मैदानावर नेली आणि मैदानाकडं पाठ करून मांडली.