उघाडीवरचा अळणी भात

पाय जपून टाका मंडळी, हा बांध आहे, रस्ता नव्हे. डावीकडे खाडी, उजवीकडे आमची भातशेती आणि मधे ही उघाडी. भरतीला हिची फळी पाडायची, ओहोटीला उचलायची. म्हणजे खारं पाणी आत येत नाही आणि पावसाचं साचलेलं बाहेर जातं. एवढ्याशा फळीवर गाव जगतं. ती एकदा भलत्या वेळी उचलली गेली, त्याची ही हकिकत.

हिरूबाय नावाची विधवा इथेच, उघाडीजवळ राहायची म्हणे. तिचा एकुलता भाऊ बारा वर्षांनी भेटायला यायचा होता. त्याला जिताडा खाऊ घालायचा, एवढंच तिच्या मनात. जिताडा भरतीबरोबर आत शिरतो. फळी हातभर उचलून मासा धरायचा उद्योग गावात सगळेच चोरून करत. खोटं कशाला बोलू? पण हिनं उचलली ती नेमकी भादव्यातल्या उधाणाला. लोंढा असा आला की फळी हातातून सुटून वाहूनच गेली. भाऊ पुढे आला की नाही, ते कोणी सांगत नाही. नवी बसेपर्यंत पंधरा दिवस खाडी शेतात आत-बाहेर करत होती. पोटरीला आलेला भात शेंड्याकडून पांढरा पडला, लोंब्या पळंज निघाल्या, दाणा म्हणून नाही. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पापुद्रा धरला. पुढच्या वर्षी तर रोपच करपलं.

हिरूला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं! लोकांनी तिच्याशी बोलणंच टाकलं, आणि एके दिवशी भांडीकुंडी होड्यांत घालून सगळं गाव खाडीपलीकडे गेलं. तिला कोणी चल म्हटलं नाही.

ती राहिली. जमीन गोडी होईपर्यंत जेवणात मीठ घालणार नाही, असा नेम धरला. पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, माती त्यात कालवायची, ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं. दर खेपेला चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. बोलायला माणूस नाही, म्हणून फळीशीच बोलायची, असं सांगतात. पाच पावसाळे असे गेले. सहाव्या वर्षी माती गोडी लागली आणि लाल राता भात कमरेएवढा उभा राहिला.

पिवळं पडलेलं शेत पलीकडून दिसलं, तशा होड्या परतल्या. हिरूनं गावाला पुरेल एवढा नवा भात रांधून ठेवला. पण लोक उतरले ते थेट आपापल्या घरी गेले. घरोघरी चुलींचा धूर निघाला. ही भरल्या हंड्यापुढे बसून राहिली. काय वाटलं असेल हो तिला!

दुपार कलताना शेजारीण पोशीबाय विस्तव मागायला आली. हंडा बघून म्हणाली, "एवढा कोणासाठी गो?"

"तुमच्यासाठी."

पोशी तिथेच बसली. एक घास खाल्ला. "मीठ नाय घातलंस?"

"मीठ पुष्कळ झालं गो बाय."

पोशीनं विस्तव नेलाच नाही. गावभर फिरली, पेटलेल्या चुली विझवायला लावल्या आणि एकेकाला हाताला धरून इथे आणून बसवलं.

आजही नव्या भाताच्या दिवशी आमच्या गावात कोणाच्या घरी चूल पेटत नाही. एकच हंडा चढतो, तो या बांधावर, अळणी. आणि गावात जो एकटा राहतो, त्याच्या दारी पहिलं बोलावणं जातं. तीन वर्षं झाली, ते माझ्याकडे येतं.