विटांचा वळसा

सोसायटीच्या छोट्याशा बागेला विटांची कड घालायला सगळे शेजारी सकाळपासून खपत होते. अध्यक्ष देवस्थळी दुपारची झोप काढून खाली उतरले आणि आल्या आल्या गरजले, "ही रेघ मधेच वाकडी कशी गेली? साध्या विटा सरळ लावता येत नाहीत तुम्हाला?"

हातांची माती झटकत हेमाताई म्हणाल्या, "साहेब, विटाही आमच्यासारख्याच निघाल्या. वाटेत तुमची गाडी दिसली, तशा ब्र न काढता वळसा घालून गेल्या."

देवस्थळींनी वळून पाहिलं. त्यांच्या गाडीची मागची चाकं वाफ्यात होती आणि खाली सदाफुली चिरडली होती. कोणीतरी हसलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. मुकाट्याने गाडी हलवून ते परत आले आणि वाकड्या विटा स्वतःच उपसू लागले. हेमाताईंकडे बघायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.